फुफाट्यात श्वास घेणारे इंजिन

दिवाळी सरली की सेलूच्या आसपासच्या रस्त्यांवर कापसाच्या गाड्यांची ये-जा वाढते. एके काळी हे काम बैलगाड्या करीत. आता बहुतेक ठिकाणी ते डिझेलवर चालणाऱ्या पिकअप गाड्यांनी उचलले आहे. जिंतूर, पाथरी, मानवत या बाजूंच्या खेड्यांतून भरून निघालेली गाडी डांबरी सडकेला लागण्यापूर्वी थोडी तरी वाट मातीच्या रस्त्याने चालते. पावसाळ्यात याच रस्त्यावर चिखल असतो आणि माघ-फाल्गुनात घोट्याएवढा फुफाटा. पुढची गाडी गेली की धुरळ्याची भिंत उभी राहते आणि मागची गाडी त्या भिंतीतून वाट काढते. चालक काच वर करतो, तोंडाला उपरणे बांधतो. इंजिनाला मात्र काच वर करता येत नाही. त्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि तोही आपल्यापेक्षा कितीतरी मोठा.

अशा गाडीचा मालक सुट्या भागांच्या दुकानात नवी हवेची गाळणी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला 'एअर फिल्टर', घ्यायला जातो तेव्हा त्याच्यापुढे दोन-तीन खोकी येतात. एकात कारखान्याने ठरवून दिलेला कागदी फिल्टर. दुसऱ्यात तसाच दिसणारा, निम्म्या किमतीचा. तिसऱ्यात चकचकीत वेष्टनातला, तेल लावलेल्या सुती जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा 'परफॉर्मन्स फिल्टर'. तो सर्वांत महाग. "भाऊ, हा टाका, गाडी पळंल अन् ॲव्हरेजबी वाढंल," असे कोणीतरी सांगतेच. गाडी बहुधा कर्जाने घेतलेली असते. दोन हंगामांत तिने ऑइल खायला सुरुवात केली आणि रिंग-पिस्टनचे काम निघाले, तर वर्षाची कमाई त्यातच जाते. तेव्हा दुकानातला हा लहानसा निर्णय वाटतो तेवढा लहान नाही. विशेष म्हणजे, तो घेण्यासाठी लागणारे पदार्थविज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकापलीकडचे नाही. चला, आपणच हिशेब करून पाहू.

इंजिन किती हवा पिते?

महिंद्र बोलेरो पिकअपचे २५२३ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे डिझेल इंजिन सर्वांच्या पाहण्यात आहे. सोयीसाठी त्याची धारणक्षमता अडीच लिटर धरू. चार धावांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढतो. म्हणजे दर दोन फेऱ्यांना अडीच लिटर हवा आत जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर मिनिटाला १५०० गुणिले २.५, म्हणजे ३७५० लिटर. तासाला २,२५,००० लिटर, म्हणजेच २२५ घनमीटर. टर्बो नसलेले इंजिन यापेक्षा थोडी कमी हवा घेते, टर्बो असलेले जास्त. पण अंदाज यायला हा आकडा पुरेसा आहे.

दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो. एक किलोग्रॅम डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर डिझेलचे वस्तुमान ०.८३ किलोग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे लिटरमागे १२ किलोग्रॅम हवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक घनमीटर हवेचे वस्तुमान जेमतेम १.१ किलोग्रॅम भरते. भागाकार करा: लिटरभर डिझेलसाठी किमान दहा-अकरा हजार लिटर हवा! उन्हाळ्यात टंचाईच्या गावांना पाणी घेऊन येणारा दहा हजार लिटरचा टँकर तुम्ही पाहिला असेल. दर लिटर डिझेलमागे असा एक भरलेला टँकर हवा इंजिनात रिकामा होतो. प्रत्यक्षात डिझेल इंजिन गरजेपेक्षा बरीच जास्त हवा आत घेते, म्हणून एक टँकर हा आकडाही कमीतकमी आहे.

आता या हवेबरोबर काय येते ते पाहू. फुफाट्यातला एखादा कण एक मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे १० मायक्रोमीटर (गॅरेजच्या भाषेत १० मायक्रॉन) व्यासाचा असेल, तर स्थिर हवेत तो सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर वेगाने खाली येतो. म्हणजे एक मीटर उंचीवरून जमिनीवर पोचायला त्याला दोन मिनिटे लागतात. त्याच्या दसपट व्यासाचा वाळूचा कण मात्र दोनच सेकंदांत खाली बसतो. म्हणून पुढची गाडी नजरेआड झाली तरी तिने उडवलेला बारीक धुरळा हवेत तरंगतच असतो, आणि मागून येणाऱ्या इंजिनाच्या वाट्याला नेमका तोच येतो.

हा बारीक धुरळाच अधिक घातक आहे. दट्ट्याच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये वंगणतेलाचा जो पापुद्रा असतो तो काही मायक्रोमीटरच जाड असतो. त्यापेक्षा जरासा मोठा, कठीण कण त्यात सापडला की तो दोन्ही बाजूंना टेकतो आणि घासत राहतो. ५ ते २० मायक्रोमीटरचे कण या दृष्टीने सर्वांत वाईट. माणसाचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाड असतो, हे लक्षात घेतले तर डोळ्यांना न दिसणारे कणच इंजिन खातात असे म्हणायला हरकत नाही.

कण कठीण आहे की मऊ, यालाही महत्त्व आहे. खनिजांच्या कठिनतेसाठी मोस यांचा १ ते १० असा मापक्रम वापरतात. त्यात शंखजिरे १ वर, हिरा १० वर. आपली काळी माती ज्या चिकणखनिजांनी बनलेली आहे ती या मापक्रमात तळालाच येतात. ती गाळणी तुंबवतात, पण भिंतीवर ओरखडे काढण्याचे काम त्यांना तितकेसे जमत नाही. ते काम करतात दगडाचे कण. आपला काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यातले फेल्स्पार मोस मापक्रमात ६ वर येते, आणि त्याच खडकाच्या पोकळ्यांत सापडणारी गारगोटी ७ वर. सिलिंडरची बिडाची भिंत या दोन्हींहून मऊ आहे. खडी आणि मुरूम टाकलेल्या, चाकांनी दळल्या गेलेल्या रस्त्याचा धुरळा म्हणजे चक्क दगडाचे पीठ असते. तेव्हा शेतातल्या वाटेपेक्षा अर्धवट झालेला खडीचा रस्ता अधिक सांभाळून ओलांडावा, असे माझे मत आहे.

गाळणी म्हणजे चाळणी नव्हे

बहुतेकांची समजूत अशी असते की फिल्टरच्या कागदाला बारीक छिद्रे असतात आणि त्यांहून मोठे कण बाहेर अडकतात. पिठाच्या चाळणीचे हेच तत्त्व आहे. पण इंजिनाच्या फिल्टरचा कागद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो गवताच्या विस्कटलेल्या गंजीसारखा दिसतो, आणि तंतूंमधली कित्येक छिद्रे अडवल्या जाणाऱ्या कणांपेक्षा खूपच मोठी असतात. मग कण अडतात कसे?

तंतूपाशी आलेली हवा त्याला वळसा घालून पुढे जाते. जड कणाला हे वळण घेता येत नाही. जडत्वामुळे तो सरळ जातो आणि तंतूवर आपटून चिकटतो. बस एकदम वळली की आपण बाजूला फेकले जातो, तसेच हे. मध्यम आकाराचा कण हवेबरोबर वळतो खरा, पण वळता वळता त्याची कड तंतूला घासते आणि तो तिथेच राहतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात. त्यालाच ब्राउनीय गती म्हणतात. त्या भटकण्यातच ते तंतूवर जाऊन आदळतात. गंमत अशी की अडवायला सर्वांत कठीण कण सर्वांत लहान नसतो. तो ०.३ मायक्रोमीटरच्या आसपास, मध्येच कुठेतरी असतो: भटकण्याच्या मानाने मोठा आणि आपटण्याच्या मानाने हलका. सुदैवाने इंजिनाच्या झिजेत त्याचा वाटा फारसा नाही.

पुढची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. तंतूवर चिकटलेला कण स्वतःच एक अडसर बनतो आणि पुढच्या कणाला धरतो. हळूहळू कागदावर धुळीचा पातळ थर बसतो, आणि मग गाळण्याचे बरेचसे काम तो थरच करू लागतो. म्हणजे कोरा करकरीत फिल्टर हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत कमजोर फिल्टर असतो! गाळण्यांच्या चाचणीत सुरुवातीची कार्यक्षमता आणि संपूर्ण आयुष्यातली कार्यक्षमता हे दोन आकडे वेगळे काढतात, ते याचमुळे. दर आठवड्याला फिल्टर बाहेर काढून चाकावर आपटणारा किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या झोताने तो आतून-बाहेरून 'साफ' करणारा मालक काय करतो, ते यावरून कळेल. कष्टाने तयार झालेला थर तो उडवून देतो, जोरदार झोताने कागद फाटण्याचा धोका पत्करतो, आणि आपटण्याने फिल्टरची रबरी कड वाकडी करतो. काळजी घेण्याच्या भरात गाडीचे नुकसान होते, ते असे.

९९ आणि ९९.९ यांत किती अंतर?

आता पुन्हा दुकानात येऊ. समजा, एका फिल्टरची कार्यक्षमता ९९.९ टक्के आहे आणि दुसऱ्याची ९९ टक्के. परीक्षेत असे गुण मिळालेले दोन विद्यार्थी आपण सारखेच हुशार मानू. इथे तसे करून चालत नाही, कारण इंजिनाला अडलेल्या धुळीशी कर्तव्य नसते. आत गेलेल्या धुळीशी असते. पहिल्या फिल्टरमधून हजारात एक भाग धूळ सुटते, दुसऱ्यातून हजारात दहा. फिल्टरच्या आयुष्यात त्याच्यापाशी अर्धा किलो धूळ आली असे धरले, तर एकातून अर्धा ग्रॅम आत जाईल आणि दुसऱ्यातून पाच ग्रॅम. झीज आत गेलेल्या धुळीच्या प्रमाणात होते असे ढोबळमानाने मानले, तर दसपट! म्हणून फिल्टरची जाहिरात वाचताना शंभरातून आकडा वजा करायचा आणि उरलेल्या आकड्यांची तुलना करायची.

हे आकडे मिळवण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरलेली आहे. तिचे नाव आयएसओ ५०११. तिच्यात ठरावीक कणाकाराची प्रमाणित धूळ हवेत मिसळून फिल्टरवर सोडतात. ही चाचणी-धूळ मूळ अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागातली, म्हणून आजही तिला 'ॲरिझोना धूळ' म्हणतात. हवेच्या प्रत्येक घनमीटरमागे सुमारे एक ग्रॅम इतकी ती दाट असते. समोरचे काही दिसू नये असा तो लोट! ज्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात या चाचणीचा उल्लेख आणि आकडा दिलेला आहे, त्याच्याशी निदान बोलता तरी येते. 'हवा जास्त, ताकद जास्त' एवढेच ज्यावर छापले आहे, त्याच्याशी काय बोलणार?

तेल लावलेल्या सुती जाळीच्या फिल्टरबद्दल इथे दोन शब्द. कापसाच्या गावातल्या माणसाला त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे, आणि कल्पना वाईटही नाही. तेलकट तंतूवर आपटलेला कण उडून जात नाही, तेल धुळीत झिरपून तिलाही चिकट बनवते, आणि जाळी मोकळी असल्याने हवेला अडथळा कमी होतो. शर्यतीच्या मोटारीला, स्वच्छ धावपट्टीवर, हे गुण उपयोगी पडतात. परंतु तेच मोकळेपण बारीक धुरळ्यालाही वाट देते. अशा गाळण्या बारीक कणांच्या बाबतीत चांगल्या कागदाच्या मागे पडतात. शिवाय धुतल्यावर तेल कमी लागले तर कार्यक्षमता घटते. जास्त लागले तर ते हवेबरोबर पुढे जाऊन हवा मोजणाऱ्या तप्त तारेच्या संवेदकावर बसते, आणि गाडीचा संगणक चुकीचा हिशेब करू लागतो. अलीकडच्या अनेक डिझेल गाड्यांत असा संवेदक असतो.

पण ताकदीचे काय?

विक्रेत्याचा दावा आपण तसाच सोडून देणार नाही, मोजून पाहू. फिल्टरमधून हवा ओढायला जो दाब खर्च होतो तो पाण्याच्या स्तंभात मोजतात. नव्या फिल्टरचा आणि त्याच्या पेटीचा मिळून हा खर्च २० सेंटिमीटर धरू. वातावरणाचा दाब म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा स्तंभ. म्हणजे हा खर्च झाला २ टक्के. मोकळ्या जाळीच्या फिल्टरने तो एक-चतुर्थांश कमी केला, तर १५ सेंटिमीटर राहील. फायदा अर्धा टक्का. हा अर्धा टक्काही इंजिन पूर्ण जोर लावत असेल तेव्हाच उपयोगी. डिझेल इंजिनात ताकद वाढवायची तर हवा नव्हे, इंधन वाढवले जाते. हवा बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्तच असते. टर्बो असेल तर तो थोडा अधिक वेगाने फिरून हा फरक भरून काढतो. तेव्हा चालकाच्या पायाला तो फरक जाणवणे कठीण.

याच फॅशनचा दुसरा प्रकार म्हणजे फिल्टरची मूळ पेटी काढून टाकून बॉनेटखाली उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवणे. आवाज झकास येतो. पण तापमानाचा हिशेब करा. बाहेर ४२ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१५ केल्व्हिन. बॉनेटखाली इंजिनाजवळची हवा ६२ अंश, म्हणजे ३३५ केल्व्हिन. दाब तोच असताना घनता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. ३१५ ला ३३५ ने भागा: ०.९४. म्हणजे हवा ६ टक्क्यांनी विरळ झाली! अर्धा टक्का मिळवायला जाऊन सहा टक्के गमावण्याचा हा व्यवहार. टर्बोपुढे हवा थंड करणारा इंटरकूलर असला तर नुकसान काही अंशी कमी होते, पण व्यवहार फायद्याचा होत नाही. मूळ पेटीचे तोंड बाहेरची गार हवा घेण्यासाठी ठरावीक जागी ठेवलेले असते, ते उगीच नव्हे.

खरी सुधारणा कशात आहे?

जुना फिल्टर हातात घ्या आणि त्याच्या घड्या मोजा. समजा १२० घड्या आहेत, प्रत्येकीची खोली ३ सेंटिमीटर आणि उंची २० सेंटिमीटर. प्रत्येक घडीला दोन बाजू. १२० × २ × ३ × २० = १४,४०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड चौरस मीटर कागद त्या डब्यात कोंबलेला आहे. आता वेग काढा. आपली २२५ घनमीटर हवा ७ सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून जाताना सेकंदाला सुमारे १६ मीटर, म्हणजे ताशी ५८ किलोमीटर वेगाने धावते. तीच हवा कागदातून जाताना सेकंदाला जेमतेम ४ सेंटिमीटर सरकते. मुंगीची चाल म्हणा ना. घड्या आहेत त्या याच कामासाठी.

समजा, कागदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले. हवेचा कागदातला वेग निम्मा होईल. तेवढ्याच धुळीचा थरही निम्म्या जाडीचा होईल, कारण ती दुप्पट जागेवर पसरेल. थराचा अडथळा वेग आणि जाडी या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असतो. अर्धा गुणिले अर्धा म्हणजे पाव. म्हणजे तोच अडथळा येईपर्यंत फिल्टर चौपट काळ टिकेल. प्रत्यक्षात पूर्ण चौपट मिळत नाही, कारण कागदाचा आणि पेटीचा स्वतःचा अडथळा राहतोच. पण दुप्पटीहून जास्त फायदा होतो हे नक्की. आणि गाळण्याची बारकाई कणभरही कमी करावी लागत नाही. निम्म्या किमतीच्या खोक्यातल्या फिल्टरचे बिंग इथेच फुटते. त्याच्या घड्या मोजल्या तर त्या अनेकदा कमी भरतात. बाहेरून डबा तेवढाच, आत कागद कमी.

दुसरी सुधारणा म्हणजे जाड धूळ कागदापर्यंत पोचूच न देणे. हवेला गोल फिरवले की धूळ कडेला फेकली जाते. हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने ५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वळणावर फिरत असेल, तर अभिकेंद्री त्वरण किती? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: २२५ भागिले ०.०५, म्हणजे ४५०० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ४६० पट! खळ्यावर उपणताना वारा भूस आणि दाणे वेगळे करतो. हे त्याच जातीचे, पण फार जोरकस काम आहे. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर डोके काढून असलेला पूर्वशोधक, किंवा पेटीच्या बुडाशी असलेली रबरी चोच, ही याच कामासाठी असते. त्या चोचीतून धूळ आपोआप खाली पडते. ती फाटली किंवा चिखलाने बंद झाली तर पूर्वशोधकाचा उपयोग संपला, हे फारसे कोणी पाहत नाही. आपल्या पिकअपला अशी सोय असलेली पेटी कारखान्याकडूनच मिळत असेल, तर महागड्या जाळीऐवजी पैसे तिथे घालावेत. कागदावर अतिसूक्ष्म कृत्रिम तंतूंचा पातळ थर दिलेले फिल्टरही निघाले आहेत. त्यात धूळ पृष्ठभागावरच अडते, म्हणजे कोऱ्या फिल्टरचा जो कमजोर काळ आपण पाहिला तो कमी होतो. ही सुधारणा खरी आहे.

या विद्येची सुरुवातही शेतावरच झाली, हे सांगायला हवे. १९१५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटाचा फ्रँक डोनाल्डसन हा ट्रॅक्टरविक्रेता, इंजिन लवकर झिजल्याची युटातल्या एका शेतकऱ्याची तक्रार पाहायला गेला. धूळ हेच कारण आहे हे ओळखून त्याने तारेच्या पिंजऱ्यावर कापड गुंडाळले आणि हवा उंचावरून घेण्यासाठी नळी जोडली. ट्रॅक्टरची ती पहिली कामचलाऊ गाळणी. त्यानंतर तेलात हवा बुचकळून धूळ धरणाऱ्या गाळण्या आल्या. आपल्याकडच्या जुन्या जीप आणि ट्रॅक्टरांवर त्या वर्षानुवर्षे होत्या, काही ट्रॅक्टरांवर अजून आहेत. त्या धुता येतात, पण हवेचा वेग कमी झाला की कणांचे जडत्व कमी पडते आणि धूळ तेलावर न आपटता पुढे जाते. म्हणून कागदाने त्यांना मागे टाकले.

तिळाएवढे भोक

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट. उत्तम फिल्टर आणला, पण पेटीची क्लिप सैल आहे, किंवा पेटीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीला चीर गेली आहे. समजा, तिथे २ मिलिमीटर व्यासाचे, तिळाएवढे भोक आहे. आतला दाब बाहेरच्यापेक्षा २० सेंटिमीटर पाण्याइतका, म्हणजे सुमारे २००० पास्कल कमी. एवढ्या दाबफरकाने भोकातून हवा सेकंदाला साधारण ६० मीटर वेगाने आत घुसते. भोकाच्या कडेमुळे झोत आकसतो ते धरूनही तासाला ०.४ घनमीटर हवा न गाळता आत जाते. २२५ मध्ये ०.४ म्हणजे किती? ०.१८ टक्के. नगण्य वाटते ना? पण चांगला फिल्टर स्वतःतून फक्त ०.१ टक्का धूळ सोडत होता. आता एकूण ०.२८ टक्के धूळ आत जाऊ लागली. तिळाएवढ्या भोकाने फिल्टरची किंमत पार धुळीला मिळवली. इंजिनात जाणारी धूळ जवळजवळ तिप्पट झाली.

याची तपासणी कोणालाही करता येते. इंजिन बंद असताना फिल्टरच्या पलीकडची, स्वच्छ बाजूची नळी सोडवून तिच्या आत पांढरा कपडा फिरवावा. कपड्याला मातीचा रंग लागला तर धूळ कुठूनतरी चुकवून येत आहे. फिल्टर बदलण्याआधी ती वाट शोधली पाहिजे. फिल्टरमध्ये आतून दिवा धरून अंधारात पाहिले तर कागदाला पडलेले भोक ताऱ्यासारखे चमकते. असा फिल्टर कितीही नवा असला तरी टाकून द्यावा.

आणि बदलायचा केव्हा? रंग पाहून नव्हे. काळ्या मातीत चाललेला फिल्टर महिन्याभरातच मळकट दिसतो, पण तेव्हा तो उत्तम काम करीत असतो. अनेक ट्रॅक्टरांना आणि मोठ्या गाड्यांना अडथळा दाखवणारा छोटा दर्शक असतो. फिल्टर तुंबला की त्यात लाल पट्टी दिसते. बऱ्याच अवजड इंजिनांसाठी ही मर्यादा सुमारे ६० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतकी असते. पिकअपला असा दर्शक नसेल तर पुस्तिकेतली किलोमीटरची मर्यादा पाळावी, आणि धुळीच्या रस्त्यांसाठी तिथे दिलेली कमी मर्यादा धरावी. चढावर गाडी काळा धूर सोडू लागेपर्यंत वाट पाहणे हे दुसरे टोक झाले.

शाळेत करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. तुमच्या गावातल्या गॅरेजवाल्याकडून एकाच प्रकारच्या गाडीचे बदलून टाकलेले चार-पाच फिल्टर मागून घ्या. तो आनंदाने देईल. प्रत्येक फिल्टर न झटकता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला आणि नव्या फिल्टरचे वजन त्यातून वजा करा. गाडी किती किलोमीटर चालली आणि कोणत्या रस्त्यांवर, हे मालकाला विचारून वहीत लिहा. मग हजार किलोमीटरमागे धूळ किती ग्रॅम, हे प्रत्येक गाडीसाठी काढा. परभणीच्या डांबरी सडकेवर चालणारी गाडी आणि खेड्यातून कापूस आणणारी गाडी यांच्या आकड्यांत किती पटींचा फरक पडतो, तो फळ्यावर मांडून पाहा. पिशवी उघडताना मात्र तोंडाला रुमाल बांधायला विसरू नका.